पिवळ्या मांजरीचं पिल्लू

आमच्या किराणा दुकानातली पिवळी मांजर सीमेवरच्या वांकिडी गावात सगळ्यांच्या ओळखीची. पोलिस तिचे केस उपटायला आणि तोंडात कापसाचा बोळा फिरवायला आले, तेव्हा अख्खा बाजार हसला. "आता मांजरीचा पंचनामा!" म्हणत माझ्या नवऱ्यानं तिला साहेबांपुढे धरलं. मला हसू येईना. दोन घरं सोडून राहणाऱ्या म्हाताऱ्या मास्तरांना चार दिवसांपूर्वी कुणीतरी उशीनं तोंड दाबून मारलं होतं. माझ्या लेकीला त्यांनीच पाढे शिकवलेले. त्यांच्या अंथरुणावर पिवळे केस सापडले होते, आणि मास्तर तर मांजराला उंबरा ओलांडू देत नसत.

काही आठवड्यांनी साहेब पुन्हा आले. केस आमच्या मांजरीचे नव्हते, पण तिच्या पोटच्या पिल्लाचे होते, असं प्रयोगशाळेनं कळवलं होतं.

"बच्चे कितने हुए? किसको दिए?"

"दो ही हुए थे, साब. दोनों मर गए."

एक खरंच बसखाली गेलं होतं. दुसरं मी गेल्या भाऊबीजेला धाकट्या भावाला दिलं होतं, त्याच्या घरी कापसात उंदीर झाले म्हणून. त्याचं आणि मास्तरांचं शेताच्या बांधावरून चांगलंच वाजलेलं होतं. मांजर डोळे मिटून दूध पिते, तशी मी खोटं बोलले. साहेबांनी ते लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी भाऊ आला. हातात साबणाचं खोकं, आत ते मांजर, आता चांगलं मोठं झालेलं.

"ताई, इले तुयापाशीच ठेव."

"काऊन रे?"

"घरी सांभाळणं होऊन नाही राह्यलं."

मी चहा ठेवला. कप घेऊन बाहेर आले तर तो विजारीवरचे पिवळे केस एकेक वेचून खिशात घालत होता. आमच्या दुकानात खाली टाकायलाही धजत नव्हता. लहानपणी त्याची नखं मीच कापायची. त्या दिवशी मला त्याच बोटांची भीती वाटली. मी कप त्याच्यापुढे ठेवला.

सकाळी खोकं घेऊन मी ठाण्यात गेले. मांजर आत ओरडत होतं. भाऊबीज आठ दिवसांवर आली होती.

"ये किसकी है?" साहेबांनी विचारलं.

"मेरे भाई की," मी म्हणाले.