निंबाखालचे फोटो

अकोल्याच्या जुन्या शहरात राहणारी चतुराबाई एका कृषी महाविद्यालयाच्या शेतावर सव्वीस वर्षांपासून कपाशीची बोंडं मोजते. प्रयोगाच्या प्लॉटमधल्या पऱ्हाटीला किती बोंडं फुटली, किती किडली, हे तिने सांगायचं आणि प्राध्यापकांनी लिहायचं. तिच्या आकड्यांवर चौघांची पीएचडी झाली. तिची स्वतःची शाळा सातवीत सुटली, पण एकदा मोजलेली ओळ तिला पुन्हा मोजावी लागत नाही.

गेल्या दिवाळीनंतर तिथल्या प्राध्यापक दामिनी मॅडमनी ड्रोन आणला. "आता उन्हात वाकून मोजायला नको, बाई. हा वरून फोटो काढेल आणि कॉम्प्युटर बोंडं मोजेल."

सोबत काम करणाऱ्या बायका खूश झाल्या. चतुराबाई मात्र वर बघत राहिली. पऱ्हाटी संपली तरी ड्रोन थांबला नाही. बांधावरच्या निंबावर दोन घिरट्या घालून मग परतला. निंबाखाली बायका डबा खायच्या. तिथं कोणती बोंडं?

चार दिवसांनी सुपरवायझर किसनराव त्या बायकांमधल्या रुख्मिणीला म्हणाले, "मंगळवारी तुमचं जेवण वीस मिनिटं लांबलं."

मंगळवारी किसनराव अमरावतीला होते. रुख्मिणीने एकेकीच्या तोंडाकडे पाहिलं. "आपल्यातलंच कोनी चुगली करून राहिलं," ती म्हणाली. दुसऱ्या दिवसापासून बायका लांब लांब बसून जेवू लागल्या.

चतुराबाईने गुपचूप सात नंबरचा प्लॉट मोजला आणि ती मॅडमच्या खोलीत गेली.

"सात नंबरात तुमच्या यंत्रानं किती मोजली?"

"चारशे बारा."

"माही तीनशे एकाहत्तर भरली."

"माणसाची नजर चुकते, बाई."

"चला मंग, पाहू."

अवकाळी पावसाने गळालेला कापूस ओळींमध्ये पडला होता. वरून तोही बोंडासारखाच दिसत असणार. मॅडमनी स्वतः झाडांवरची बोंडं मोजली. तीनशे एकाहत्तर. त्या ओशाळल्या.

"आता मले सगळे फोटो दाखवा," चतुराबाई म्हणाली.

"ते कशाला?"

"मी माहे आकडे दाखोले ना?"

लॅपटॉपवर पऱ्हाटीमागून पऱ्हाटी सरकत गेली आणि मग निंब आला. त्याखाली पाय पसरून बसलेली रुख्मिणी. कोपऱ्यात तारीख आणि वेळ.

"हे कोनाले जाते?"

मॅडम अडखळल्या. "किसनरावांनी शेताचे फोटो मागितले होते. मी सगळेच पाठवले. यात तुम्ही आहात, हे माझ्या लक्षातच आलं नाही."

चतुराबाईला ते खरं वाटलं, आणि वाटलंही नाही. तिने बायकांना एकत्र बसवून सगळं सांगितलं. ड्रोन उडेल त्या दिवशी प्लॉटमध्ये पाय ठेवायचा नाही, असं त्यांनी ठरवलं. तीन आठवडे ड्रोन पेटीतच राहिला.

शेवटी मॅडम स्वतः निंबाखाली येऊन बसल्या. ड्रोन फक्त पऱ्हाटीवर उडेल, फोटो आधी चतुराबाई पाहील, आणि उडवण्याआधी खाली पडलेला कापूस बायका वेचतील, असं ठरलं. त्यानंतर यंत्राचा आणि तिचा आकडा जवळजवळ सारखा येऊ लागला.

फेब्रुवारीत अमरावतीला प्राध्यापकांची कार्यशाळा होती. मॅडम चतुराबाईला सोबत घेऊन गेल्या. विद्यापीठांत नवं तंत्रज्ञान का रुजत नाही, यावर मॅडम बोलल्या. पडद्यावर कारणं होती: प्रशिक्षण कमी, मंजुरीला उशीर, बिघडल्यावर दुरुस्तीला माणूस नाही. सगळ्यांत खाली लिहिलं होतं, 'शेतमजुरांचा अविश्वास'. मागच्या खुर्चीवरून चतुराबाईने ते हळूहळू वाचलं.

चहाच्या वेळी तिने मॅडमना गाठलं. "ते शेवटचं काहून लिहिलं?"

"तुम्ही तीन आठवडे काम अडवलं होतं ना, बाई."

"अडोलं. पन आमचा शक खरा निंगाला, ते कुठी लिहिलं?"

"बरं, नंतर बदलते."

"नंतर नाई. आत्ता."

आजूबाजूचे दोन-तीन प्राध्यापक बघू लागले. मॅडमनी कप खाली ठेवला, लॅपटॉप उघडला आणि ती ओळ खोडून लिहिलं, 'फोटो कोणाला जातात, हे मजुरांना सांगितलं नव्हतं.'

चतुराबाईने ते दोनदा वाचलं आणि मगच चहा घेतला.