रिलीवर आला नाही

बाबांना लकवा झाला तेव्हापासून रिसालीच्या या घरात मी आणि ते, दोघंच. आई आधीच गेली. "लेकीसारखं कोणी करत नाही हो," असं येणारा-जाणारा सांगून जातो. सांगणाऱ्याचं काय जातं! चहा पितात, चप्पल घालतात, निघतात. मला त्या चप्पल घालून निघण्याचाच हेवा वाटतो.

या वेळी मात्र धाकटा भाऊ पुण्याहून येणार होता आणि मी चार दिवस नागपूरला मावशीकडे जाणार होते. काम काही नव्हतं. नुसतं झोपायचं होतं, कोणी हाक न मारता. बॅग भरून दाराशी ठेवली होती. औषधं, डायपर, पातळ खिचडी, सगळं त्याला फोनवर समजावून झालं होतं. निघायच्या दिवशी सकाळीच त्याचा फोन आला. "ताई, सुट्टी कॅन्सल झाली गं. अगली बार पक्का."

"हो रे बाबा, तुझं अगली बार!" म्हटलं अन् फोन आपटला.

बाबांना भरवायला बसले. पहिलाच घास त्यांनी थुंकला, माझ्या नव्या कुर्त्यावर. मग माझा तोलच गेला. "मलेच कावून छळून राहिले तुम्ही? मी काय जनमभर इथंच सडू?" इतक्या जोरात ओरडले, की शेजारच्या काकूंनी खिडकी लावून घेतली.

हल्ली बाबा मला ओळखत नाहीत, स्टील प्लांटमधला जोडीदार समजतात. सगळी नोकरी भट्टीवर गेली त्यांची. तिथं पुढच्या पाळीचा माणूस, म्हणजे रिलीवर, आल्याशिवाय जागा सोडायची नाही. तो नाही आला तर डबल ड्यूटी. आई ताट झाकून बसून राहायची अन् हे दुसऱ्या दिवशी उगवायचे.

त्यांची नजर दाराशी ठेवलेल्या बॅगेवर गेली. "कावून रे, घरी नाही गेला?" जड जिभेनं त्यांनी विचारलं.

"रिलीवर नाही आला," मी चिडूनच म्हटलं.

त्यांनी मान हलवली. मग चांगल्या हातानं माझ्या हातातली वाटी काढून घेतली. "जाय तू. घरचे वाट पाहून राहिले असतील. मी करतो डबल."

कूस बदलायची तरी त्यांना मी लागते. मी पलंगाशी खाली बसून रडले, अन् ते वाटी सांभाळत म्हणत राहिले, "जाय ना रे, जाय."