सुरतेत माझ्या पायाची सोय

दोंडाईच्याहून निघालो तेव्हा मांडीवर कुरडयांचा डबा होता आणि डोक्यात एकच काम: दुसऱ्या दिवशी भाची वैशालीला मांडवात न्यायचं. तिला मामा मी एकटाच. सुरतेचं उधना स्टेशन आलं. डबा दोन्ही हातांत धरून उतरलो आणि शेवटची पायरी विसरलो. उजवा घोटा आत वळला. कुरडया शाबूत राहिल्या; मी मात्र फलाटावर बसलो.

न्यायला आलेल्या ताईनं आधी डबा उचलला, मग विचारलं, "काय व्हयनं रे भाऊ?" (काय झालं?)

"घोटा मुरगळला."

"आजच?" ताई म्हणाली, जणू मी मुहूर्त काढून पडलो होतो.

सोबत दाजी होते, तिचे यजमान. पांडेसऱ्याच्या मिलमध्ये साड्या रंगवण्यात त्यांची हयात गेली आहे. त्यांनी मला रिक्षात कोंबलं. "आमच्या लिंबायतला डॉक्टरबेन आहेत. माझा खांदा त्यांनीच मोकळा केला. घाबरायचं काही नाही!" रिक्षा गल्लीत शिरली तशी दोन्ही बाजूंनी लूमची खडखड सुरू झाली. घोटा त्याच तालावर ठणकू लागला.

दवाखाना लेसच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर. डॉक्टरबेननी दोन्ही पाय शेजारी ठेवून पाहिले. घोट्याच्या हाडामागे दोन्हीकडे दाबलं, मग पावलाची बाहेरची कड चाचपली. "इथे दुखतं? इथे?" उभं करून थोडं चालायला लावलं. मी भिंत धरून, तोंड वाकडं करत चाललो.

"हाड बराबर वाटतं, नस ताणली आहे," त्या म्हणाल्या. "पण उद्यापर्यंत पाय टेकवेना, तर हाडाचा फोटो काढायचाच. काका, सोय चालशे ने?"

'चालशे' म्हणजे चालेल, एवढं गुजराती मला येतं. म्हटलं, "चालेल की! सोय अगदी उत्तम करा."

त्यांनी सुयांचं पाकीट फोडलं.

"हे काय?"

"सोय," त्या म्हणाल्या. गुजरातीत सोय म्हणजे सुई, हे मला त्या क्षणी कळलं. मी ओरडलो. सुई अजून पायापासून हातभर दूर होती.

"उगा ऱ्हाय!" (गप्प बस) ताई गरजली. "उद्या नवरीला कोण नेणार?"

मी डोळे मिटले. ॲक्युपंक्चरची सुई केसाएवढी बारीक निघाली. सुजेवर एकही नाही. नडगीच्या बाजूला, मग बोटांच्या बेचक्यात. मुंगी चावल्यासारखं झालं आणि मग पाय जड, उबदार. दाजी उशाशी उभे राहून मला धीर देत होते. "मर्दानं सुईला काय भ्यायचं..." पुढचं वाक्य आलं नाही. धप्पकन आवाज आला. डोळे उघडले तर दाजी जमिनीवर आडवे.

"यांच्या खांद्याच्या वेळी यांनी डोळे मिटले होते," डॉक्टरबेन म्हणाल्या आणि त्यांचे पाय उचलून स्टुलावर ठेवले. ताई एकदा भावाला, एकदा नवऱ्याला वारा घालत राहिली.

शुद्धीवर येताच दाजींनी लोचो मागवला (पिठाचा सैलसर, वाफवलेला प्रकार, वर भरपूर तेल आणि शेव). तो आम्ही दोघांनी झोपूनच खाल्ला.

डॉक्टरबेननी बांधलेल्या पट्टीसकट सकाळी पाय टेकला. सूज होती, पण कळ निम्म्यावर आली होती. सुयांनी, पट्टीनं की ताईच्या धाकानं, देव जाणे. नवागामच्या मांडवात वैशालीनं माझा हात स्वतःच्या खांद्यावर घेतला आणि मामाला नवरीनंच नेलं. अंतरपाटापाशी तिनं हळूच विचारलं, "मामा, खूप दुखतंय का?" काल-परवा हिला कडेवर घेऊन फिरलो होतो. डोळे वाहायला लागले. कुणीतरी ओरडलं, "मामांचा पाय! खुर्ची आणा!" मी मुकाट बसलो. पायामुळे मनसोक्त रडता आलं.

परतीच्या गाडीत समोरच्या गृहस्थांनी पट्टीकडे पाहिलं. "लग्नाहून वाटतं? नाचताना मुरगळला?"

सुरतेतला ना बाजार पाहिला, ना तापीचा काठ. एका दवाखान्याचं छत तेवढं पाठ झालं. गावी सांगण्यासारखं काही नव्हतं.

"हो," मी म्हणालो. "फार नाचलो."