साबणाच्या डबीतला रेडिओ

ओझरच्या विमान कारखान्यातून निवृत्त झालेल्या झुंबरनाना सोनवण्यांच्या वरच्या खोलीत दोन रेडिओ होते. एक भंगारातून आणलेला, जुना वॉल्व्हचा. उचलायला दोन माणसं लागायची आणि तापून नीट लागायला अर्धा तास. त्यावर कुठकुठल्या देशांची शॉर्टवेव्ह केंद्रं ऐकू येत, पण ऐकण्यापलीकडे त्याला काही जमत नसे. दुसरा नानांनी स्वतः साबणाच्या डबीत बसवलेला. त्यावरून चावी दाबून मोर्सचे ठोके तेवढे पाठवता आणि ऐकता येत. हवा चांगली असली की ते पार केरळपर्यंत पोचत.

नानांचा जीव मोठ्यावर. "हा खरा रेडिओ. डबी म्हणजे खेळणं," असं ते सांगायचे. पत्नी सुलाबाई दोन्हींकडे बघत नसत. नाना वर, त्या खाली, असा चाळीस वर्षं संसार झाला.

दोन वर्षांपूर्वी सुलाबाईंना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, जीभ वळेना. समजत मात्र सगळं होतं. नानांनी वर जाणं सोडलं. मोठा रेडिओ खाली आणणं त्यांच्याच्यानं होणार नव्हतं, म्हणून डबी पलंगाशेजारी आली. एरियलची तार खिडकीतून शेवग्यावर टाकली. दुपारी औषधं देऊन झाली की ते आपली कॉल-साइन, म्हणजे रेडिओवरच्या ओळखीची अक्षरं, पाठवत बसायचे.

एके दिवशी कुणाचंच उत्तर येईना. नानांनी चावीवरून हात काढला, तरी ठोके ऐकू येत राहिले. सुलाबाईंचं डावं बोट पलंगाच्या लोखंडी कडेवर चाललं होतं. नानांचीच कॉल-साइन, एकही ठोका न चुकवता.

"हे कुठं शिकलीस गं?"

त्यांनी डोळे वर, छताकडे नेले. वरच्या खोलीतले ठोके इतकी वर्षं खाली ऐकू येत होते, हे नानांच्या आत्ता लक्षात आलं.

दुसऱ्या दिवसापासून ते त्यांना बाकीची अक्षरं शिकवू लागले.

"बाबा, आईला आराम तरी करू द्या," लेक तेजल म्हणायची. पण सुलाबाईच बोट थांबवत नसत. तीन आठवड्यांनी पहिला पुरा शब्द आला. नानांनी तो अक्षर-अक्षर कागदावर उतरवला. 'साखर'. नानांनी केलेल्या चहात ती रोज कमी पडत होती.

परवा नानांनी मोठा रेडिओ कारखान्यातल्या जुन्या सोबत्याला, गोरक्षला देऊन टाकला. तो न्यायला गोरक्ष एक गडी सोबत घेऊन आला.

"अरे, जीव होता ना तुझा याच्यावर?" गोरक्षनं विचारलं.

"होता. पण आता वर जायला वेळ कुठं मिळतो," नाना म्हणाले, आणि दोघांना जिन्यावरून जपून उतरायला सांगितलं.