साडूंचा एक

नगर जिल्ह्यात आमच्या थोरल्या साडूंच्या जिभेइतकं अचूक यंत्र दुसरं नव्हतं. ते बंद पाडायला परदेशी कंपनी लागली नाही; मी पुरलो.

साडू बेलापूरचे. कुणाच्याही घरी गेले की तांब्यातला पहिला घोट तोंडात धरायचे, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचे, "हे बोअरचं हाय. हिरीचं सांगताय व्हय?" एका लग्नात त्यांनी भर पंगतीत नवरीच्या बापाला विचारलं, "टँकर कुठनं आनला?" तो गृहस्थ वर्षभर बोलत नव्हता. तरी नव्या विहिरीला पाणी लागलं की पार शेवगावपर्यंतचे लोक त्यांनाच चव बघायला न्यायचे, टोपी-नारळ द्यायचे. माझ्याकडे आले की माझ्या बायकोला, म्हणजे त्यांच्या धाकट्या मेव्हणीला, सांगायचे, "माठ बदल गं, पान्याला मागल्या सालाची चव हाय."

नव्वदच्या दशकाच्या शेवटी परदेशी पैशानं आमच्याकडे गुलाबाचं पॉलीहाऊस उभं राहिलं. फुलं विमानानं जायची आणि झाडांना पाणी कॉम्प्युटर पाजायचा. कारखान्यातली कारकुनी सोडून मी तिथं ऑपरेटर झालो आणि साडूंना पाण्यावर लावून घेतलं. ते विहिरीचं पाणी चाखून, त्यातला क्षार मोडायला किती ॲसिड घालायचं ते वहीत लिहायचे. मी तो आकडा कॉम्प्युटरला द्यायचो. परदेशी साहेबानं त्यांचा अंदाज दोनदा प्रयोगशाळेत तपासला आणि मग तपासणंच सोडून दिलं. कॉम्प्युटरच्या गार खोलीत चपला काढून जावं लागे. साडू दारातूनच हात जोडायचे, "एवढं सोवळं आमच्या म्हसोबालाबी न्हाई. त्याला बोकड तरी लागतो, ह्यो पाव्हना निसत्या हवेवर जगतो."

साडू आकडे मराठीत काढायचे. त्यांच्या एकाची शेपटी लांब. एके दिवशी घाईत, इंग्रजी आकड्यांना सरावलेल्या माझ्या बोटांनी त्या एकाचा नऊ केला. एका लिटरच्या जागी नऊ लिटर ॲसिड गेलं. चार दिवसांत अर्धं पॉलीहाऊस भाजल्यासारखं काळं पडलं.

साहेबानं वही मागवली, साडूंनाही बोलावून घेतलं. त्या मराठी एकावर बोट ठेवून तो म्हणाला, "नाइन," आणि माझ्याकडे पाहिलं. हा आमचा एक आहे, एवढंच सांगायचं होतं. मी म्हणालो, "येस सर, नाइन."

साडूंना इंग्रजी येत नव्हतं, पण बोट कशावर आहे ते दिसत होतं. त्यांनी वहीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, माझ्या खुर्चीकडे पाहिलं.

"माजंच अक्षर वंगाळ हाय, सायेब," ते म्हणाले. मग मला, "सांगा की त्येला, पाव्हनं."

मी तेही इंग्रजीत सांगितलं.

त्याच दिवशी त्यांचं काम गेलं. 'जिभेनं गुलाब जाळले' असं गावोगाव झालं आणि विहिरीवर न्यायला कुणी येईना. त्यानंतर साडूंनी आकडा कधी काढला नाही. आहेराच्या पाकिटावरसुद्धा 'एकावन्न' अक्षरात लिहायचे. लोक हसायचे. मीही हसायचो.

माझ्याकडे येणं मात्र त्यांनी सोडलं नाही. तांब्या दिला की उभ्या उभ्या घटाघटा रिकामा करायचे. बायको म्हणायची, "दाजी, चव नाही बघितली?"

"ग्वाड हाय की," तांब्या खाली ठेवत ते म्हणायचे. "तुमच्या घरचं पानी, त्याची काय चव बघायची?"

साडू गेले. ती वही माझ्याकडे आहे. त्या पानावर काय लिहिलंय ते आज मी त्यांच्यासारखंच अक्षरात लिहून ठेवतो: एक.