मुठीतला अंगठा

सकाळी सात-सव्वासातची वेळ. गॅसवर दूध होतं, आमचे हे आरशासमोर तोंडाला साबण फासून उभे होते आणि मी धाकटीचा मोजा शोधत पलंगाखाली वाकले होते. तेवढ्यात मागच्या दारावर थाप पडली. एकच. घाईतला माणूस दार बडवत सुटतो. ही थाप कपाळ टेकवल्यासारखी होती.

आणि ती कपाळाचीच होती. दार उघडलं तर समोर घुमी. डाव्या हातानं उजवा मनगटापाशी तोलून धरलेला, उजव्या पंजाला गणवेशाच्या निळ्या कापडाचे वेढे, आणि ते निळं कापड भिजून काळं पडत चाललेलं. दार वाजवायला तिच्याकडे हात उरला नव्हता.

"बाई, आधी कडी लावा," ती म्हणाली. "तो येतोय."

मी कडी लावली. मागे दूध उतू जात होतं, ते गेलं.

घुमी हे तिचं खरं नाव नव्हे, वर्गातल्या बायकांनी ठेवलेलं. गावात बायकांसाठी शिवणाचं प्रशिक्षण निघालं तेव्हा अट अशी होती, की मशीन शिकायचं तर लिहायला-वाचायलाही शिकायचं. शिवण जुन्या गोदामात आणि अक्षरं आमच्या व्हरांड्यात, रोज दुपारी. अकरा जणी येत. त्यांतली ही कोपऱ्यात भिंतीला पाठ लावून बसायची आणि महिनाभर एक शब्द बोलली नाही. मार खाणाऱ्या बाईला पाठ भिंतीला लावूनच बसायची सवय असते, हे मला बऱ्याच उशिरा कळलं. बायका म्हणायच्या, "बाई, हिला विचारू नका. हिचं तोंड टाचून टाकलंय, उसवायला कात्री लागेल." ती नुसती हसायची. हसताना वरच्या दोन दातांची जागा रिकामी दिसायची.

एक दिवस मी सगळ्यांना विचारलं, आजवर कुठे कुठे अंगठा दिलात? हळूहळू एकेक जण बोलायला लागली. शेवटी घुमी बोलली, पहिल्यांदाच.

"तीनदा दिला. पहिला लग्नाच्या कागदावर. मी चौदाची होते, कागदावर एकोणीसची झाले. दुसरा भावानं घेतला. म्हणाला, आईच्या आजारपणाचा कागद आहे. नंतर कळलं, बापाच्या घरातला माझा वाटा सोडल्याचा होता. विचारायला गेले तर भावानं केस धरून उंबऱ्याबाहेर टाकलं. तिसरा दवाखान्यात, दुसरी मुलगी झाल्यावर. शुद्धीवर आले तेव्हा पिशवी काढलेली होती. मुलगा देणारी नाही म्हणून नवऱ्यानं दात पाडले, आणि आता होणारच नाही म्हणून सासूनं बरगडी मोडली. कागद एकच, मार दोघांचा."

मग एक म्हातारी म्हणाली, "घुमे, तुझा अंगठा भलताच महाग गं." सगळ्या हसल्या, तीही हसली. तसं हसल्याशिवाय पुढचं अक्षर गिरवताच आलं नसतं.

त्याच दिवशी मी वर्गाला नियम घालून दिला. कुठलाही कागद समोर आला की आधी बोट ठेवून, मोठ्यानं, शेवटपर्यंत वाचायचा. मगच सही. जिला सही येते तिनं अंगठा द्यायचा नाही. बायकांनी तो नियम पाठ केला. गिरणीच्या पाटीपासून औषधाच्या बाटलीपर्यंत दिसेल ते मोठ्यानं वाचत सुटल्या. घुमी सगळ्यांत हळू वाचायची. एकेका अक्षरावर बोट दाबायची, जणू ते पळून जाईल.

शिवणात मात्र तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. कॉलर बसवावी तर घुमीनं. आठव्या महिन्यात तिला पायमशीन मिळालं, तिच्या स्वतःच्या नावावर. शाळेच्या गणवेशांचं काम यायला लागलं. दोन्ही मुली शाळेत पुन्हा दिसायला लागल्या. थोरली तर आईला काजं करून द्यायची.

हे सगळं आठवायला त्या सकाळी वेळ कुठला. पुढच्या दारावर लाथ बसली. ह्यांना वाटलं, बोलून बघावं. साबणाच्या तोंडानंच त्यांनी दार उघडलं आणि "हे बघा, बसून बोलू," एवढं म्हणेपर्यंत हातोड्याचा दांडा त्यांच्या खांद्यावर पडला. हे खाली बसले ते बसलेच.

घुमीचा नवरा दगडखाणीवर हातोडा चालवणारा. दिवसभर दगड फोडून त्याचे दंड दोराच्या वेटोळ्यांसारखे झालेले. त्याच्या मानेवर तांबडालाल त्रिकोण उठला होता, टोक कानाकडे. गरम इस्त्रीचा. एका मुठीत चुरगळलेला कागद, खिशातून शाईची डबी डोकावत होती.

"बाहेर काढा तिला. एक अंगठा पाहिजे. एका अंगठ्याचं काम आहे, जास्त काय मागतोय मी?"

"ती सही करते," मी म्हणाले.

"तुम्हीच नासवलीत तिला."

त्यानं वर्गाचा फळा दोन घावांत फोडला. मग कपाटातल्या पाट्या एकेक काढून गुडघ्यावर मोडल्या, अगदी शांतपणे, काम केल्यासारख्या. अकरा पाट्या. मी माझ्या धाकटीला पोटाशी धरून स्वयंपाकघराच्या दारात उभी होते आणि मागे घुमी पाठ भिंतीला लावून बसली होती. तो आत वळला तेव्हा शेजारचा लोहार आणि त्याचे दोघे भाऊ व्हरांड्यात चढले. त्यांनी त्याला पालथा पाडला. मग हात धरून ठेवण्याऐवजी मारायला लागले. तोंडातून रक्त फरशीवर आलं तरी थांबेनात.

आतून घुमी ओरडली, "पुरे करा, दादा. तोंड फोडू नका त्याचं. त्याला ठाण्यात बोलायचंय."

त्याला ते ठाण्यात घेऊन गेले. दवाखान्यात जाताना रिक्षात घुमीनं मला आदल्या संध्याकाळपासूनचं सगळं सांगितलं. त्यानं मशीन परस्पर विकलं होतं. विकत घेणारे दोन पाहुणे टेम्पो घेऊन आले. कागद तयारच होता. त्यानं तिच्यासमोर तो ठेवला आणि शाईची डबी उघडली.

"मी बोट ठेवलं, बाई. वाचायला लागले. 'मी, स्व, खु, शी, ने, शि, ला, ई, यं, त्र...' तो दात खाऊन म्हणाला, मुकाट्यानं अंगठा टेक. पण मी मध्येच थांबले नाही. 'वि, क, त, आ, हे.' पाहुण्यांतला एक हसला. म्हणाला, दादा, तुझी बायको तर बातम्या देते. दुसरा म्हणाला, आधी घरात मिटवा, मग बोलवा. गेले टेम्पो घेऊन."

"मग?"

"मग काही नाही. जेवला, झोपला. सकाळी मी इस्त्री तापवून शर्टांच्या शिवणी बसवत होते. त्यानं मागून मनगट धरलं. मी अंगठा मुठीत घातला आणि मूठ आवळली. आधी बोटं उलगडायला बघितली. मग माझीच लाकडी मोजपट्टी मारली, ती तुटली. मग हात मशीनच्या फळीवर ठेवला आणि दांडा घातला. तीनदा की चारदा. मूठ काही उघडली नाही. डाव्या हाताशी इस्त्री होती." तिनं मोडका हात मांडीवर नीट ठेवला. "चार माणसांत त्याची लाज गेली, म्हणून एवढा चिडला."

माझ्या तोंडून निघून गेलं, "अगं, मनातल्या मनात वाचायचंस."

तिनं माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता. "मनात वाचायचं शिकवलंत कुठं, बाई?"

ते खरंच होतं. मनातल्या मनात वाचता येतं, हे त्यांना सांगायचं मला कधी सुचलंच नव्हतं. नियम मी घातला होता, माझ्या घरात, जिथे मोठ्यानं वाचल्यावर कुणी दांडा उचलत नाही.

डॉक्टरांनी कापडाचे वेढे सोडले तरी ती मूठ तशीच आवळलेली होती. तीन हाडं मोडली होती. बोटं एकेक करून सोडवावी लागली आणि सगळ्यांत आत अंगठा निघाला, पांढराफटक, पण अख्खा. डॉक्टर म्हणाले, दोन महिने सुई नाही. पुढे हात किती वळेल ते आत्ता सांगता येत नाही. घुमी म्हणाली, "मशीन पायानं चालतं." मग फळीला हात बांधून आम्ही ठाण्यात गेलो.

पोलीसबाई वयानं मोठ्या, कंटाळलेल्या. त्यांनी तिला विचारून विचारून जबाब लिहिला आणि शाईचं पॅड पुढे सरकवलं. "उजवा मोडलाय ना? डावा अंगठा चालेल."

"आधी वाचते," घुमी म्हणाली.

"मी वाचून दाखवते की."

"नको. मी वाचते."

डाव्या हाताचं बोट ठेवून तिनं सुरुवात केली. पलीकडच्या बाकावर नवरा बसला होता, ओठ सुजलेला. लोहार दारात उभा. पाऊण तास लागला असेल. पोलीसबाईंनी मध्ये दोनदा घड्याळ बघितलं. एका ओळीवर बोट थांबलं.

"इथे लिहिलंय, झटापटीत हाताला लागले."

"मग?"

"लागलं नाही. त्यानं मोडला. फळीवर ठेवून."

त्यांनी खोडून लिहिलं. बोट पुन्हा चालायला लागलं, पुन्हा थांबलं.

"इस्त्रीचं नाही ह्यात."

पोलीसबाई पुढे वाकल्या, आवाज उतरवून म्हणाल्या, "मुद्दामच वगळलंय, बाई. ते लिहिलं तर तुझ्यावरही येईल."

"येऊ दे. मी इस्त्री मारली, मानेवर. लिहा."

बाकावरून तिचा नवरा हसला. "बघा, कबूल करते."

"हो, करते," ती त्याच्याकडे न बघता म्हणाली. "ह्या कागदावर सगळं खरं पाहिजे. खोट्यावर मी तीनदा अंगठा दिलाय."

मी तिच्या कानाशी लागले, "दोन मुली आहेत तुझ्या. विचार कर." तिनं ऐकलं, आणि पोलीसबाईंच्या पेनाकडे बघत राहिली, ती ओळ कागदावर उतरेपर्यंत.

सगळं लिहून झाल्यावर पॅड पुन्हा पुढे आलं. तिनं ते मनगटानं बाजूला सारलं आणि डाव्या हातात पेन घेतलं. डाव्या हातानं ती कधीच लिहीत नव्हती. पेन मुठीत धरलं, सुरी धरावी तसं. पहिलं अक्षर काढायला गेली आणि कागद टेबलावरून सरकला. तिनं तो ओढून घेतला. पुन्हा टेकवलं, पुन्हा सरकला. उजवा हात फळीला बांधलेला, झोळीत.

ती माझ्याकडे वळली.

"बाई," ती म्हणाली, "कागद तेवढा दाबून धरा."