मशीनवरची चिठ्ठी

आमचा सेल फार छान झाला, असं आई अजून सांगते. दुबई सोडताना घर कसं रिकामं करावं, हे विचारायला बायका तिला फोनही करतात. मला मात्र त्या शुक्रवारची आजही किळस येते.

अल कुसैसमधल्या आमच्या इमारतीत कुणी कायमचं भारतात निघालं की लिफ्टमध्ये कागद चिकटायचा आणि खालच्या पार्किंगमध्ये त्यांचा संसार विकायला मांडला जायचा. दोन हजार साली माझी नववीची परीक्षा संपली आणि आमची पाळी आली. माझं अक्षर चांगलं, म्हणून किमतीच्या चिठ्ठ्या माझ्याकडे. ते अक्षर बाबांच्या जुन्या पत्रकांवर वळलेलं. पिंपरीच्या कारखान्यात असताना ते युनियनचं काम करायचे. ती पत्रकं ट्रंकेत घालून त्यांनी इथे आणली होती. शाळेत मराठी नव्हतं, तेव्हा मी त्यांच्यावरच वाचायला शिकले. 'हक्क', 'श्रम', 'विश्वासघात' हे शब्द मला जोडाक्षरांसकट लवकर यायला लागले.

सेलचे नियम आईचे होते. मिक्सर चालू करून दाखवायचा, भांडी घासूनच मांडायची. आणि आदल्या संध्याकाळी मराठी मंडळातल्या बायकांना घरी बोलावून पोहे-चहा द्यायचा, त्यांना हवं ते आधी निवडू द्यायचं. मान आपल्या माणसांचा, उरलेलं पार्किंगमध्ये.

शिवणाच्या मशीनला चिठ्ठी नव्हती. ते अक्काचं होतं. अक्का कडप्पाची. सहा वर्षं आमच्याकडे केरफरशी आणि भांडी करत होती. काम आटपलं की दुपारी आईनेच तिला त्या मशीनवर ब्लाउज शिवायला शिकवलं होतं. "हम जाएंगे तो ये तुम्हारा," असं आई तिला माझ्यासमोर कितीदा तरी म्हणाली होती. दोन महिन्यांनी अक्काही गावी परतणार होती. पुन्हा कुणाची फरशी पुसायची नाही, दारात मशीन टाकून बसायचं, एवढं तिने ठरवलं होतं.

बायका आल्या. त्यांनी आमची कपाटं उघडली, पडद्यांच्या शिवणी ओढून पाहिल्या. एकीने तर माझ्या गादीचा वास घेतला.

"मिक्सर पन्नास दिरहम? म्हणजे सहाशे रुपये! वहिनी, तिकडे ह्यात नवा येतो."

"मग तिकडूनच आणा," आई म्हणाली. सगळ्या हसल्या. "बरं, चाळीस. खलास."

दर संक्रांतीला ह्याच बायका एकमेकींना वाकून नमस्कार करायच्या. त्यांच्यातल्या सगळ्यात जाड बांगड्यांच्या काकूंनी मशीनचं चाक फिरवून पाहिलं.

"आणि हे केवढ्याला?"

"ते आमच्या अक्काला द्यायचंय."

"कामवालीला? अहो, विमानात नेणार कशी ती? तिला काहीतरी हलकं द्या. मी शंभर देते."

आई माझ्याकडे न बघता म्हणाली, "चिठ्ठी कर गं. शंभर. खाली 'विकलं' लिही."

मला 'विश्वासघात' लिहिता येत होतं. मी 'शंभर' लिहिलं, आकड्यात, ठळक.

शुक्रवारी सकाळी सातला अक्का मदतीला आली, ती काखेत एक धुतलेली जुनी चादर घेऊन. मशीन गुंडाळायला. पार्किंगमध्ये तिने ते पाहिलं, मग चिठ्ठी पाहिली. अक्षरं तिला येत नव्हती, आकडे येत होते.

"यल्ला, चलो अक्का, टेबल पकडो," बाबा म्हणाले. एकेकाळी फाटकावर उभे राहून पत्रकं वाटणारे माझे बाबा. त्यांना सगळं माहीत होतं.

"मॅडम, ये बिक गया?"

"अक्का, वो बहुत भारी है. प्लेन में कैसे ले जाओगी? तेरे लिए ये रखा है." आईने पिशवी पुढे केली. आत वर्षानुवर्षांच्या हळदीकुंकवांत लुटलेले प्लॅस्टिकचे डबे होते.

"मैंने कार्गोवाले को पूछ लिया था," अक्का म्हणाली. मग पिशवी टेबलावर ठेवली. "ये भी बिक जाएगा, मॅडम."

"चालेल," आई म्हणाली, आणि तिच्या आवाजात चक्क सुटका होती. "दोन-दोनची चिठ्ठी लाव गं."

"तूच लाव," मी म्हणाले. माझं सगळं बंड एवढंच. आईने चिठ्ठ्या लावल्या. नऊ वाजेपर्यंत डबे गेले.

दहाला काकूंची गाडी आली. मशीन एका बाजूने बाबांनी उचललं, दुसऱ्या बाजूने अक्काने. डिकीपाशी काकू ओरडल्या, "अगं थांब, पत्र्याला ओरखडे पडतील! ती चादर घाल ना खाली."

अक्काने माझ्याकडे पाहिलं. माझ्या बोटांना सेलोटेपचे तुकडे चिकटलेले होते. मी ते सोडवत राहिले. तिने चादर पसरली, चारी कोपरे नीट केले आणि मशीन तिच्यावर ठेवलं.

चादर परत मागायचं कुणालाच सुचलं नाही. गाडी निघून गेली.